बाळोत्यापासून वरणभातापर्यंत: पाळणाघरातल्या साथीचा माग

सकाळी नऊ ते अकरा, दोन तास. कुणाला काही सांगायचं नाही, काही सुधारायचं नाही. फक्त एका मावशींच्या हातांवर नजर ठेवायची आणि वहीत दोन रकाने भरायचे: हात कशाला लागला, आणि त्यानंतर कशाला लागला. साथ आवरायच्या कामाला आम्ही इथून लागलो. नाक पुसलं, मग चमचा उचलला. बाळोतं सोडलं, मग क्रीमची डबी उघडली, मग दाराची कडी. ओढणीच्या टोकाने एकाचं तोंड पुसलं, त्याच टोकाने दुसऱ्याचं. दोन तासांत चार पानं भरली. त्यात ‘हात धुतला’ तीनदा होतं, आणि त्यातलं दोनदा नुसत्या पाण्याने. मावशी हयगय करणाऱ्या होत्या असं अजिबात नाही. सात मुलं सांभाळताना नळ आठ पावलं लांब असला की हेच होतं.

पाळणाघर वडोदऱ्यातलं, दांडिया बाजाराच्या बाजूला, जुन्या घराच्या तळमजल्यावर. तीन खोल्या, सहा महिन्यांपासून साडेतीन वर्षांपर्यंतची सव्वीस मुलं, पाच बायका. पाटीवर पाळणाघर, तोंडी घोडियाघर, कारण निम्मी घरं मराठी आणि निम्मी गुजराती. आजारांनाही दोन-दोन नावं: कांजिण्या म्हणजे अछबडा, गोवर म्हणजे ओरी, जुलाब-उलट्या म्हणजे झाडा-उलटी. नोंदवहीत दोन्ही लिहिलेली बरी. सकाळच्या बाईंनी ‘ओरी’ ऐकलं आणि दुपारच्या बाईंना ते समजलंच नाही, तर मधले चार तास हातचे जातात.

गणपतीची सुट्टी संपली आणि हात-पाय-तोंडाचा आजार आला. एक-दोन दिवस ताप, तोंडात फोड, तळहात-तळपाय आणि ढुंगणावर पुरळ. कॉक्सॅकी गटातल्या विषाणूंमुळे होतो. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सहा दिवस लागतात. (आजी-आजोबा हटकून विचारतात, म्हणून सांगून टाकतो: गुरांच्या लाळ्या-खुरकुताशी याचा काही संबंध नाही, दूध बंद करू नये.) बहुतेक मुलं आठवड्या-दहा दिवसांत आपोआप बरी होतात. सांभाळायचं ते पाणी: तोंड दुखतं म्हणून मूल पीत नाही, आणि लघवी सहा-आठ तास झाली नाही की डॉक्टरांकडे न्यायचं. गार ताक, गार मऊ भात चालतो. लिंबू, टोमॅटो, गरम वरण नको.

नोंदीसाठी वेगळं काही लागत नाही. एका मुलाला एक ओळ: वय, खोली, झोपायची जागा, लंगोट लागतो का, पहिलं लक्षण कोणत्या दिवशी, शेवटचा हजर दिवस, घरात आणखी कोण आजारी. पाच-सहा ओळी झाल्या की तारखांच्या अंतरावरून बरंच कळतं. दिवस-दीड दिवसात सात-आठ मुलं एकदम आजारी पडली तर स्वयंपाकघराकडे आणि पाण्याकडे वळायचं. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर बहुधा अन्नात आधीच तयार झालेलं विष: सकाळी शिजवून उघड्यावर राहिलेला भात, किंवा बोटाला पिकलेलं गळू असलेल्या हाताने कालवलेलं श्रीखंड. बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी अचानक उलट्या, आणि दोन दिवसांनी आई-वडीलही आडवे, तर नोरोव्हायरसचा संशय धरायचा. आणि एक मूल सोमवारी, दोन शुक्रवारी, चार पुढच्या आठवड्यात अशी पायरी-पायरीने संख्या वाढली, तर आजार हातावरून फिरतो आहे.

आमच्याकडे पायऱ्याच होत्या. पहिली सहाही मुलं लंगोटवाल्या खोलीतली. सातवं मात्र मोठ्यांच्या खोलीतलं, जिथे कुणाला लंगोट लागत नाही. दिवसभर दोन्ही खोल्यांचा एकमेकींशी संबंध नाही, बायकाही वेगळ्या. मग हजेरीवहीतल्या न्यायच्या वेळा पाहिल्या. साडेपाचनंतर पाच-सात मुलं उरली की सगळ्यांना एका खोलीत आणायचं, म्हणजे एक पंखा, एक दिवा आणि एक बाई पुरते. ती शेवटची पाऊण तासाची काटकसर दिवसभराचं वेगळेपण धुऊन टाकत होती. साथ असेपर्यंत हे एकत्र बसवणं बंद केलं. पंख्याचं बिल वाढलं आणि एका बाईंची सुटायची वेळ बदलावी लागली. दुसरा उपाय आम्हाला सापडला नाही.

मग हळदीची परीक्षा. दोन चमचे खोबरेल तेलात पाव चमचा हळद घोटायची, दोन्ही हातांना पातळ चोळायची आणि ‘नेहमीसारखे हात धुऊन या’ एवढंच सांगायचं. हळदीला साबण लागला की ती लाल होते, कपड्यावरचा वरणाचा डाग धुताना सगळ्यांनी पाहिलेलं आहे. त्यामुळे राहून गेलेल्या जागा लालसर-पिवळ्या दिसतात: अंगठ्याचं बूड, नखांच्या कडा, अंगठीखाली, बांगड्यांच्या आतलं मनगट. पाचही जणींच्या त्याच जागा. वीस सेकंद साबण चोळायचा हे सगळ्यांना पाठ असतं. ती वीस सेकंदं तळव्यावर तळवा घासण्यातच जातात हे पाहिल्याशिवाय पटत नाही. नखं आखूड, अंगठी घरी, काचेच्या बांगड्या कोपराकडे सरकवून वर रबर, इतकं ठरलं. बांगड्या काढायला सांगितलं नाही. ते कुणी ऐकलं नसतं आणि सांगण्याची गरजही नव्हती.

हळद जांभळ्या दिव्याखाली चमकते, म्हणून परीक्षेचा दुसरा भाग नोटा तपासायच्या टॉर्चने केला. सकाळी एका खुळखुळ्याच्या मुठीला तीच हळद लावली आणि संध्याकाळी मुलं गेल्यावर, खोली अंधारी करून, खुणा शोधल्या. (मुलं असताना तो दिवा लावू नये, डोळ्यांना बरा नाही.) बटणांवर खुणा असतील हे धरलंच होतं. पिण्याच्या पाण्याच्या जगवर होत्या. सगळ्यात दाट खूण सापडली पाळण्याच्या दोरीवर. चार पाळण्यांना चार सुती दोऱ्या, दिवसभर पाचही जणी ओढणार, आणि घर रोज पुसलं जातं पण दोरी धुवायची असते हे कुणाच्याच यादीत नव्हतं. आता प्रत्येक पाळण्याला नायलॉनच्या दोन दोऱ्या आहेत, कडीला अडकवता येणाऱ्या. रोज संध्याकाळी एक धुवायला जाते. त्या आखूडच ठेवल्या आहेत आणि पाळण्याच्या आत लोंबणार नाहीत अशा बांधल्या आहेत, गळ्याला फास बसायची भीती असते.

हात धुण्याची सोय बदलली ती अशी. बादली-मग बंद; मगाच्या कानाला सगळ्यांचे हात लागतात आणि बादलीत बोटं बुडतात. अँटिसेप्टिकचं पांढरं पाणी भरून ठेवलेलं घमेलं तर त्याहून वाईट, पाचव्या हातानंतर त्यात काय आहे ते सांगता येत नाही. लंगोट बदलायच्या टेबलापासून हात लांबवला की पोचेल अशा अंतरावर एक बेसिन, कोपराने बंद होणाऱ्या नळाचं. मुलांसाठी जमिनीपासून अर्ध्या मीटरवर दुसरं. साबणाची वडी जाळीवर, पाण्यात बुडालेली नको. पातळ साबण असेल तर बाटलीत उरलेल्यावर नवा ओतायचा नाही. बाटली रिकामी करून, धुऊन, वाळवून मगच भरायची, कारण अर्धवट बाटल्यांत जंतू वाढतात. खुंटीवरचा सामायिक टॉवेल काढला आणि जुन्या पंच्यांचे वीतभर चौकोन कापले: पुसायचं आणि खालच्या बादलीत टाकायचं. सव्वीस मुलांना दिवसाला दीडशे तुकडे लागतात, म्हणून तीनशे केले. भाद्रपदात ते वाळत नाहीत आणि दमट तुकडा वापरला तर सगळं मुसळ केरात. त्या दिवसांत इस्त्री फिरवायची. ओढणीच्या टोकाचा प्रश्नही याच तुकड्यांनी सुटला. पंधरा-वीस तुकड्यांची पिशवी कमरेला असली की हात ओढणीकडे जात नाही.

सॅनिटायझरबद्दल एक वाक्य: हात-पाय-तोंडाचा विषाणू आणि नोरो या दोघांना चरबीचं बाह्य कवच नसतं, त्यामुळे अल्कोहोलला ते फारशी दाद देत नाहीत, साबण-पाण्याने घासून काढून टाकणं हाच उपाय.

लंगोट बदलण्याचा क्रम आम्ही टेबलावरच्या भिंतीला चित्रांनी लावला आहे, आणि सगळ्या कामात जास्तीत जास्त वेळ या क्रमावर गेला. मूल उचलायच्या आधी सगळं हाताशी: कागद, नवा लंगोट किंवा बाळोतं, ओले तुकडे, झाकणाची बादली, आणि क्रीम लागणार असेल तर ते आधीच कागदाच्या कपट्यावर काढलेलं. घाण बोट डबीत गेलं की ती डबी उरलेल्या सगळ्या मुलांना तेच वाटत राहते. मूल कागदावर ठेवायचं. एक हात कायम त्याच्या अंगावर. घाण लंगोट आतल्या बाजूला दुमडायचा, पुढून मागे पुसायचं, एक तुकडा एकदाच. आता जी पायरी सगळे विसरतात ती: नवा लंगोट हातात घेण्याआधी आपले हात एका ओल्या तुकड्याने पुसायचे, हातमोजे घातले असतील तर ते काढायचे. मोज्यांमुळे उलट धोका वाढलेलाही पाहिला आहे, त्याच मोज्यांनी मुलाचं झबलं, टेबलाचा कप्पा आणि नळ हाताळला जातो. मग नवा लंगोट, मग मुलाचे हात साबणाने, कारण बदलताना मुलाचा हात खाली गेलेला असतोच. मूल सोडायचं, टेबल साबणाने पुसायचं, ब्लीचचं पाणी लावायचं, आणि शेवटी आपले हात. घरून कापडी बाळोती येत असतील तर ती इथे खळबळायची नाहीत. शी संडासात झटकून बाळोतं पिशवीत बांधून घरी. खळबळताना उडणारे शिंतोडे मोरीभर जातात.

ब्लीचच्या पाण्याचं गणित बाटलीवरच्या टक्क्यावर अवलंबून असतं, आणि नेमकं तेच कुणी वाचत नाही. रोजच्या जागांना ०.१ टक्का पुरतो: बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर २० मिली ब्लीच आणि ९८० मिली पाणी, ४ टक्के असेल तर २५ मिली आणि ९७५. जुलाब-उलटीच्या जागी ०.५ टक्के, म्हणजे ५ टक्क्यांचं १०० मिली नि पाणी ९०० मिली. ब्लीचिंग पावडर वापरायची तर लिटरला ३ ग्रॅम, ढवळून, बसू देऊन, वरचं निवळ घ्यायचं. पण उघडी पिशवी पावसाळी हवेत मरते, मग वास येतो आणि काम होत नाही. द्रावण रोज सकाळी नवं, अपारदर्शक बाटलीत, सावलीत आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर. वडोदऱ्याच्या मे महिन्यात खिडकीत ठेवलेली बाटली म्हणजे संध्याकाळी नुसतं पाणी. आधी साबणाने घाण काढायची, मगच हे लावायचं, आणि दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. घाणीवर ओतलेला क्लोरीन घाणीतच खर्ची पडतो. लावल्याबरोबर कोरडं पुसणं ही हमखास होणारी चूक आहे. संडास धुवायच्या ॲसिडमध्ये हे कधीही मिसळू नये, विषारी वायू सुटतो. आणि फिनाइलचा वास आला म्हणजे जागा निर्जंतुक झाली असं नाही. या विषाणूंवर त्याचा भरवसा धरता येत नाही.

चोखायच्या खेळण्यांना वेगळी टोपली. तोंडात गेलेलं खेळणं खाली पडलं की परत ढिगात नाही, टोपलीत. दुपारी मुलं झोपल्यावर साबणाने धुऊन ०.०२ टक्क्यांच्या पाण्यात (४ टक्क्यांचं ५ मिली, एक लिटर पाण्यात) दोन मिनिटं, मग साध्या पाण्यातून काढून हवेत वाळवायची. धुता न येणारी केसाळ खेळणी घरी पाठवली. पोछ्याचं थोडक्यात: संडासाच्या पोछ्याच्या दांड्याला लाल दोरा, आणि काम झाल्यावर फडकं वर करून उन्हात, बादलीत बुडवून ठेवलेला पोछा उद्या घाणच फासतो.

उलटी झाली तर आधी मुलं दोन मीटर लांब, खिडक्या उघड्या. उलटीवर वर्तमानपत्र टाकून त्यावर ०.५ टक्क्यांचं पाणी, दहा मिनिटं थांबून बाहेरून आत गोळा करायचं, मग साबण, मग पुन्हा तेच पाणी. झाडू मारायचा नाही. सतरंजीला ब्लीच चालत नाही. ती गरम पाणी आणि ऊन यांच्याकडे. जुलाब सुरू झालेल्या मुलाला न्यायला येईपर्यंत ओआरएस चमच्या-चमच्याने, पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात. केलेलं ओआरएस चोवीस तासांनी फेकायचं. झिंक डॉक्टर देतील ते चौदा दिवस पुरं करायचं असतं. घरची मंडळी जुलाब थांबले की तेही थांबवतात.

ज्या बाईंकडे त्या दिवशी लंगोट, त्यांच्याकडे त्या दिवशी वाढणं नाही. पाच जणींत हे बसवायला फळ्यावर रोज नावं लिहावी लागतात. लंगोटवाल्या बाईंचं ॲप्रन निळं, म्हणजे कढईजवळ निळं दिसलं की लगेच कळतं. खिचडी शिजल्यापासून दोन तासांत संपली पाहिजे, उन्हाळ्यात एका तासात. दुधाच्या बाटल्या नाव-वेळ लिहून फ्रिजमध्ये. तोंड लावलेलं दूध तासाभराने ओतून द्यायचं, पुढच्या वेळेला ठेवायचं नाही. खरं तर वाटी-चमचा किंवा जुनं बोंडलं (चोचीची वाटी) बाटलीपेक्षा कितीतरी सोपं, घासलं की काम झालं. बाटलीच्या बुचातल्या आट्यांत दुधाची साय अडकते, ती ब्रशशिवाय निघत नाही.

हवेचा प्रश्न निराळा. गोवराचा विषाणू मूल खोलीतून गेल्यावरही दोन तास हवेत राहू शकतो, तिथे हात धुऊन भागत नाही, लस हवी. म्हणून प्रवेशाच्या वेळी ममता कार्डाची (गुजरातेतलं सरकारी लसीकरणाचं कार्ड) प्रत घेतो आणि गोवर-रुबेलाचा नवव्या महिन्यानंतरचा आणि दीड वर्षाच्या सुमाराचा, असे दोन्ही डोस पाहतो. कांजिण्या आणि गालगुंड यांच्या लसी सरकारी वेळापत्रकात नाहीत, त्या खासगीत घ्याव्या लागतात. बऱ्याच पालकांना वाटतं की कार्ड भरलं म्हणजे सगळं झालं. झोपताना दोन गाद्यांत तीन फूट अंतर, एकाचं डोकं तर शेजारच्याचे पाय. एसी लावून दार बंद केलं की तीच हवा फिरत राहते. समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवून पंखा बरा.

मूल घरी केव्हा ठेवायचं, या नियमावरून सगळ्यात जास्त वाद होतात. आमचं मत अनुभवाने सैल होत गेलं आहे. साध्या सर्दीला, हिरव्या शेंबडालाही, घरी पाठवत नाही. लक्षण दिसण्याच्या आधीच तो विषाणू खोलीभर झालेला असतो, आणि नियम फार कडक केला की पालक लपवायला लागतात. मकरपुऱ्याच्या कारखान्यात पाळी असलेल्या आईला महिन्यात चौथी रजा मिळत नाही. मग सकाळी पॅरासिटामॉल पाजून मूल सोडलं जातं आणि बारा वाजता १०२ ताप. म्हणून परत घ्यायचे नियम मोजकेच ठेवले. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला असेल तर औषधाशिवाय चोवीस तास ताप नसल्यावर. जुलाब-उलटी थांबून अठ्ठेचाळीस तास झाल्यावर. कांजिण्यांच्या सगळ्या फोडांवर खपली धरल्यावर. गोवर असेल तर पुरळ उठल्यापासून चार दिवस, गालगुंडाला सूज आल्यापासून पाच दिवस घरी. खरजेला औषध लावलं की दुसऱ्या दिवशी चालतं, पण घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायला हवं. खाज नसलेल्यांनीही, कारण पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटायला दोन ते सहा आठवडे लागतात. हात-पाय-तोंडाला ताप जाऊन, लाळ थांबून, मूल नीट खायला लागेपर्यंत. त्याहून जास्त ठेवून फायदा नाही. हा विषाणू शीमधून कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो, तेवढे दिवस कोण घरी ठेवणार? म्हणून टेबलाचा क्रम साथ संपल्यावरही तसाच चालू ठेवावा लागतो. ‘मूल ठीक आहे’ असं डॉक्टरांचं प्रमाणपत्रही आम्ही मागत नाही. त्याने दवाखान्यातली गर्दी तेवढी वाढते.

बायकांपैकी कुणी गरोदर असेल तर तिला लंगोटाच्या कामावरून काढून मोठ्यांच्या खोलीत द्यायचं. लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून सायटोमेगॅलोव्हायरस महिनोनमहिने बाहेर पडतो. मुलाला काहीच होत नाही, पोटातल्या बाळाला होऊ शकतं. हिपॅटायटिस ए असाच फसवा. सहा वर्षांखालच्या बहुतेक मुलांना कावीळ दिसतच नाही. पाळणाघरात तो शिरला आहे हे कळतं ते महिन्याभराने आई-वडिलांचे डोळे पिवळे झाल्यावर. पालकांच्या आजारपणाचा रकाना वहीत आहे तो यासाठी.

आणि जे मुलाकडून मुलाला जात नाही तेही माहीत हवं. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत चांदीपुरा विषाणूचे रुग्ण निघाले तेव्हा पालकांनी हात धुण्याचे साबण आणून दिले. तो विषाणू (नाव आपल्या नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाचं, १९६५ मधलं) वाळूमाशीच्या चाव्याने पसरतो. तिथे भिंतीच्या भेगा लिंपणं, मुलांना अंगभर कपडे घालणं आणि बारीक जाळीची मच्छरदाणी हेच उपाय. ताप जास्त, मूल गुंगीत, झटके आले, तर वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वडोदऱ्याच्या विश्वामित्री नदीला पूर आला. पुराचं पाणी लागलेल्या जागेत पुन्हा मुलं बसवायची तर गाद्या, केसाळ खेळणी, लाकडी भुसा दाबून केलेले कप्पे टाकून द्यायचे, धुण्याच्या भानगडीत पडायचं नाही. फरशी आणि भिंती आधी चिखल काढून साबणाने, मग ब्लीच. टाकी रिकामी करून घासायची, आणि भरल्यावर क्लोरीन टाकून अर्ध्या तासाने तपासायचं, लिटरला ०.५ मिलीग्रॅम उरलेला दिसला तर ठीक.

हात-पाय-तोंडाची ती साथ शेवटच्या नव्या रुग्णानंतर बारा दिवस, म्हणजे लक्षणं दिसायला लागणाऱ्या सहा दिवसांच्या दुप्पट, वाट पाहून संपली असं धरलं आणि संध्याकाळच्या खोल्या पुन्हा एकत्र केल्या. नवरात्राच्या सुमारास तीन पालकांचे फोन आले: मुलाची नखं बुडापासून सुटताहेत. आजारानंतर चार-सहा आठवड्यांनी काही मुलांत असं होतं, दुखत नाही, खालून नवं नख येतं. सुटलेलं टोक ओढायचं नाही. टोचत असेल तर तेवढंच कापायचं.